आधी उघड अर्थ तरी ऐका

१९६४ सालच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका पालकाने ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिलं. मुलीने घरी आणलेल्या रेकॉर्डमधलं एक गाणं अत्यंत अश्लील आहे आणि ते बनवणाऱ्यांवर कारवाई व्हायला हवी, अशी तक्रार होती. गाणं होतं ‘लुई लुई’. ते गाणारा किंग्जमेन हा बँड पोर्टलंड शहरातल्या, विशीच्या आसपासच्या पोरांचा होता. त्याच सुमारास इंडियाना राज्याचे गव्हर्नर मॅथ्यू वेल्श यांनीही ते गाणं ऐकलं आणि राज्यातल्या रेडिओ केंद्रांनी ते वाजवू नये असं सुचवलं. प्रकरण एफबीआयकडे गेलं. प्रयोगशाळेत ती रेकॉर्ड हळू फिरवून ऐकली गेली, जोरात फिरवून ऐकली गेली. शहराशहरांतून लोकांनी ‘आम्हाला ऐकू आलेले खरे शब्द’ म्हणून कागद पाठवले आणि तेही फाइलला लागले. शंभरावर पानं भरली. शेवटी निष्कर्ष निघाला तो असा की कोणत्याही वेगाने वाजवलं तरी यातले शब्द समजत नाहीत.

या हकिकतीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला वेगळाच वाटतो. त्या गाण्याचे शब्द गुप्त नव्हतेच. रिचर्ड बेरी या कृष्णवर्णीय गायकाने ते पन्नासच्या दशकात लिहिलं होतं, १९५७ मध्ये त्याची स्वतःची रेकॉर्ड निघाली होती आणि प्रकाशकाकडे शब्द लिखित स्वरूपात होते. एक खलाशी लुई नावाच्या माणसाजवळ मन मोकळं करतोय. जमैकात त्याची प्रेयसी वाट बघतेय, तीन दिवस आणि तीन रात्री बोटीवर काढल्या, डोक्यात तीच आहे, आता मला निघायला हवं. एवढंच ते गाणं. किंग्जमेनच्या जॅक इलीचे शब्द कळत नाहीत याचं कारण तर अगदीच साधं होतं. स्टुडिओत माइक उंचावर टांगलेला होता, इलीच्या दातांना तारा होत्या आणि मान वर करून त्याला बेंबीच्या देठापासून ओरडावं लागलं. तपास यंत्रणेने त्याला बोलावून ‘बाबा, तू काय गायलास?’ एवढं विचारलं असतं तरी काम भागलं असतं. त्याला कोणी विचारलं नाही. वादकाच्या हातून ड्रमची काठी निसटली तेव्हा त्याच्या तोंडून गेलेली एक खरीखुरी शिवी त्या रेकॉर्डवर राहून गेली आहे, असंही सांगितलं जातं. ती मात्र या एवढ्या शोधात कोणाच्या कानावर आली नाही.

रॉक गाण्यांच्या दडलेल्या अर्थाची चर्चा निघते तेव्हा मला हे प्रकरण पहिलं आठवतं. साठ वर्षं झाली, पण पद्धत बदललेली नाही. माझं म्हणणं असं आहे की गाण्यात गुप्त अर्थ शोधणारी सत्ता, मग ती सरकारची असो, न्यायालयाची असो की घाबरलेल्या पालकांची, बहुतेक वेळा गाण्याचा उघड अर्थच वाचत नाही. दडलेल्याचा शोध हा अनेकदा समोरचं टाळण्याचा मार्ग असतो. त्याची किंमत माणसं मोजतात, म्हणून हा निव्वळ संगीतप्रेमींचा छंद राहत नाही, सार्वजनिक प्रश्न होतो.

उघड अर्थ टाळला जातो तो दरवेळी अश्लीलतेच्या भीतीनेच असं नाही. १९८४ च्या जूनमध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘बॉर्न इन द यूएसए’ आलं. त्या वर्षी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. सप्टेंबरमध्ये जॉर्ज विल या नामांकित स्तंभलेखकाने त्या गाण्यात देशाबद्दलचा आनंदी विश्वास आहे असं लिहिलं, आणि १९ सप्टेंबरला न्यू जर्सीतल्या हॅमंटन गावी प्रचारसभेत अध्यक्ष रेगन यांनी स्प्रिंगस्टीनचं नाव घेऊन त्याच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचा गौरव केला. आता ते गाणं कागदावर वाचून बघा. मरगळलेल्या गावात जन्मलेला एक पोरगा. किरकोळ भानगडीत सापडतो, त्याच्या हातात बंदूक देऊन त्याला व्हिएतनामला धाडतात. परत येतो तर कारखान्यात काम नाही आणि माजी सैनिकांच्या कचेरीतही दिलासा नाही. त्याचा भाऊ खे सान्हच्या लढाईत गेलेला आहे, त्याची एक तसबीर उरली आहे. शेवटी जायला जागाच नाही. यात कोडं कुठे आहे? सगळं ढळढळीत समोर आहे. फक्त ते कडव्यांत आहे, आणि लोकांनी ऐकलं ध्रुपद.

इथे एक गोष्ट कबूल करायलाच हवी. रॉक गाण्याचा अर्थ म्हणजे त्याचे शब्द, असं समीकरण मांडता येत नाही. ‘बॉर्न इन द यूएसए’ची ती ढोलाची थाप, सिंथेसायझरची ती वर चढणारी ओळ आणि स्प्रिंगस्टीनचा फाटेपर्यंत ताणलेला आवाज यांत अभिमान खरोखर आहे. ज्याला देशाने वाऱ्यावर सोडलं तोच ‘हा माझा देश आहे’ म्हणून ओरडतो आहे, आणि त्या ओरडण्यात दावा आहे, तक्रार आहे, जखमही आहे. हेच गाणं स्प्रिंगस्टीनने आधी एकट्या गिटारवर ध्वनिमुद्रित केलं होतं, ते १९९८ मध्ये बाहेर आलं. त्यात अभिमान जवळपास ऐकू येत नाही, उरतो तो एकटेपणा. शब्द तेच आणि माणूस दुसरा. म्हणून नुसते शब्द काढून टेबलावर ठेवणाराही चुकतो, आणि नुसत्या ध्रुपदावर टाळ्या वाजवणाराही. उघड अर्थ ऐकणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही, त्यासाठी अख्खं गाणं ऐकावं लागतं.

बरोबर एका वर्षाने, १९ सप्टेंबर १९८५ ला, अमेरिकी सिनेटच्या एका समितीसमोर रॉक गाण्यांची सुनावणी झाली. सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर आणि अर्थमंत्री जेम्स बेकर यांच्या पत्नी सुझन बेकर यांच्या पुढाकाराने पालकांची एक संघटना उभी राहिली होती. रेकॉर्डांवर इशारा छापावा अशी तिची मागणी होती. त्या पालकांची काळजी मला खोटी वाटत नाही. बारा वर्षांचं पोर काय ऐकतंय हे आईबापांना कळावं ही अपेक्षा रास्त आहे. पण त्या दिवशी साक्षीला आलेल्या ट्विस्टेड सिस्टर या मेटल बँडचा गायक डी स्नायडर याने जे सांगितलं ते आजही ऐकण्यासारखं आहे. ‘अंडर द ब्लेड’ या त्याच्या गाण्यात माणसाला बांधून घालून दिलेल्या लैंगिक यातना आहेत, असं टिपर गोर यांनी म्हटलं होतं. स्नायडरने समितीला सांगितलं की आमच्या गिटारवादकाच्या घशाची शस्त्रक्रिया व्हायची होती, ते गाणं त्या भीतीवर आहे. टेबलावर बांधलेला माणूस, डोळ्यांवर येणारा दिवा, वर उचललेलं पातं. यातना शोधायला निघालेल्याला यातना सापडल्या. गायक जॉन डेन्व्हरनेही सांगितलं की ‘रॉकी माउंटन हाय’ हे कोलोरॅडोच्या डोंगरात रात्री आकाश बघताना झालेल्या आनंदाचं गाणं, पण अमली पदार्थांचं समजून ते काही रेडिओ केंद्रांनी बंद केलं होतं. त्या सुनावणीनंतर रेकॉर्ड कंपन्यांनी इशाऱ्याचा शिक्का मान्य केला. तो पुढे जगभर पोचला.

इथवर नुकसान झालं ते फार तर विक्रीचं आणि नावाचं. नेवाडा राज्यातल्या रेनो शहरात १९९० च्या उन्हाळ्यात जो खटला चालला तिथे प्रश्न मरणाचा होता. १९८५ च्या डिसेंबरमध्ये दोन तरुणांनी, एक अठरा वर्षांचा आणि दुसरा वीस वर्षांचा, आपलं आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला. एक तिथेच गेला, दुसरा वाचला आणि तीन वर्षांनी त्याचाही मृत्यू झाला. त्याआधी ते दोघे जूडस प्रीस्ट या ब्रिटिश बँडची ‘स्टेन्ड क्लास’ ही १९७८ सालची रेकॉर्ड ऐकत होते. कुटुंबीयांनी बँडवर आणि रेकॉर्ड कंपनीवर दावा लावला. मुलगा गमावलेल्या आईबापांनी उत्तर शोधावं यात मला गैर काही दिसत नाही. त्या दुःखाला कुठेतरी बोट दाखवायला जागा लागतेच.

पण खटल्याची वाट नीट बघा. सुरुवातीला आरोप गाण्यांच्या शब्दांवर होता. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने त्या शब्दांना संरक्षण आहे, त्यामुळे ती वाट बंद झाली. तेव्हा खटला वळला तो न ऐकू येणाऱ्या शब्दांकडे. ‘बेटर बाय यू, बेटर दॅन मी’ या गाण्यात ‘डू इट’, म्हणजे ‘करून टाक’, असा छुपा आदेश पेरलेला आहे, असा दावा पुढे आला. जाणीवपूर्वक ऐकूच येत नाही अशा संदेशाला अभिव्यक्तीचं संरक्षण नाही, असं न्यायालयाने मानलं, म्हणून खटला उभा राहू शकला. म्हणजे उघड शब्दांपेक्षा दडलेले शब्द कायद्याच्या दृष्टीने जास्त सोयीचे ठरले. दडलेल्या अर्थाचा शोध कधीकधी किती व्यवहारी कारणाने सुरू होतो, हे यापेक्षा स्पष्ट दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही.

त्या न्यायदालनात गाणं पुन्हा पुन्हा वाजवलं गेलं, त्याचे ट्रॅक वेगळे केले गेले. गायक रॉब हॅलफर्डने साक्षीत गाऊन दाखवलं. आपल्याच रेकॉर्डचे तुकडे त्याने उलटे वाजवले आणि त्यांत ‘आई, माझी खुर्ची मोडली’ यासारखी वाक्यंही कशी ऐकू येतात ते दाखवलं. न्यायाधीश जेरी कार व्हाइटहेड यांनी २४ ऑगस्ट १९९० ला निकाल दिला. ‘डू इट’सारखा आवाज ऐकू येतो हे त्यांनी मान्य केलं. तो गायकाचा सुटलेला उच्छ्वास आणि गिटारचा सूर एकाच क्षणी जुळून आल्याने झाला आहे, कोणी मुद्दाम घातलेला नाही, असं त्यांनी ठरवलं. दावा फेटाळला गेला. त्या दोन घरांतली दारू, मारहाण, शाळा सुटणं, रोजगार नसणं हे सगळं खटल्यात आलं होतं, पण ते उलटं वाजवून ऐकावं लागत नव्हतं, म्हणून बहुधा त्याची बातमी झाली नाही.

ब्रिटिश रॉक गायक ऑझी ऑस्बर्नच्या ‘सुइसाइड सोल्युशन’ या गाण्यावरही असाच दावा झाला होता, तो कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९८८ मध्ये फेटाळला. ते गाणं दारूविरुद्ध आहे. शीर्षकातल्या शब्दाचा इथला रोख ‘उपाय’ यापेक्षा बाटलीतल्या द्रवाकडे आहे, आणि पहिल्या ओळीपासून दारूची नावं येतात. ते कोणावर लिहिलं यावर मात्र खुद्द करणाऱ्यांचंच एकमत नाही. ऑस्बर्नच्या म्हणण्याप्रमाणे दारूने गेलेल्या, एसी/डीसी बँडच्या बॉन स्कॉटवर, तर शब्द लिहिणाऱ्या बॉब डेझलीच्या म्हणण्याप्रमाणे खुद्द ऑस्बर्नवर. लेखकाला विचारलं की अर्थाचा प्रश्न मिटतो, असंही नाही.

उलट्या वाजवलेल्या गाण्यांत सैतानाचा संदेश ऐकू येतो, ही भीती ऐंशीच्या दशकात अमेरिकेत चांगलीच पसरली होती. लेड झेपेलिनच्या ‘स्टेअरवे टू हेवन’चा एक तुकडा १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळ समितीत उलटा वाजवला गेला. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठाचे जॉन व्होकी आणि डॉन रीड या दोन मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला आणि १९८५ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. उलटा वाजवलेला मजकूर लोकांना ऐकवून त्यांनी विचारलं की हा बालगीताचा आहे, धार्मिक आहे, सैतानी आहे, अश्लील आहे की जाहिरातीचा आहे. लोकांची उत्तरं निव्वळ अंदाजाएवढीच बरोबर आली. पण ‘या ठिकाणी अमुक वाक्य ऐकू येतं बघा’ असं आधी सांगितलं की बहुतेकांना ते वाक्य स्वच्छ ऐकू आलं. वाजवलेल्या मजकुरांत बायबलमधलं तेविसावं स्तोत्र होतं. त्यातही सांगितल्याबरोबर सैतान ऐकू आला. अर्थ कानात शिरण्याआधी कोणीतरी तो कानात घालावा लागतो. हे कळल्यावर ‘मला स्पष्ट ऐकू आलं’ हे वाक्य पुरावा म्हणून चालू शकत नाही.

मी अर्थ शोधण्याच्या विरोधात आहे असा समज करून घेऊ नका. मुंबईत धोबी तलावाच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ला गर्दी करणाऱ्या पिढीने इंग्रजी गाणी अर्धीमुर्धी ऐकली, उरलेली कल्पनेने भरली, कॅसेटच्या आतल्या कागदावरचे बारीक अक्षरांतले शब्द मित्रांबरोबर वाचले आणि त्यावर रात्र रात्र वाद घातले. त्या वादांतून कित्येकांना कवितेची गोडी लागली. ही वेळ वाया गेली असं कोण म्हणेल? आणि कूट अर्थ तर आमच्या घरचाच. ‘मुंगी उडाली आकाशी’ म्हणणारी मुक्ताबाई, विंचू चावल्याचा आकांत मांडणारे एकनाथ. भारूड ऐकणाऱ्याला आधी विंचू दिसतो, त्याची आग जाणवते, हसू येतं, आणि मग नाथ त्याच भारुडात सांगतात की हा विंचू कामक्रोधाचा आहे. विंचवाला ओलांडून कोणी थेट कामक्रोधापर्यंत जात नाही.

बीटल्सच्या चाहत्यांचा खेळही मुळात असाच निष्पाप होता. आपल्या जुन्या शाळेत मास्तर बीटल्सच्या गाण्यांचं रसग्रहण शिकवतात, असं एका विद्यार्थ्याच्या पत्रातून जॉन लेननला कळलं. मग त्याने ‘आय ॲम द वॉलरस’ मुद्दाम असं लिहिलं की रसग्रहण करणाऱ्याने डोकं आपटावं. पुढच्याच वर्षी, १९६८ च्या दुहेरी पांढऱ्या अल्बममधल्या एका गाण्यात त्याने अर्थ शोधणाऱ्यांसाठी आणखी एक खोटा धागा टाकून दिला. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये पॉल मॅकार्टनी मरण पावला असून त्याच्या जागी तोतया गातो आहे, अशी आवई उठली. मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थी दैनिकात फ्रेड लाबूर याने त्यावर लेख लिहिला. त्यातले बरेच ‘पुरावे’ त्याने स्वतः रचले होते, तोतयाचं नावसुद्धा. ते अमेरिकाभर पसरले, आणि ‘लाइफ’ मासिकाच्या माणसांनी मॅकार्टनीला स्कॉटलंडच्या शेतावर गाठून तो जिवंत असल्याची मुखपृष्ठकथा छापली.

पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, तोच पांढरा अल्बम ऐकून, चार्ल्स मॅन्सनच्या अनुयायांनी लॉस एंजेलिसमध्ये दोन रात्रींत सात माणसं मारली होती. ‘हेल्टर स्केल्टर’ म्हणजे येऊ घातलेलं वंशयुद्ध आणि बीटल्स आपल्याशी खुणेच्या भाषेत बोलत आहेत, असं मॅन्सन अनुयायांना शिकवत होता. ब्रिटनच्या जत्रेत मनोऱ्याभोवती फिरत खाली येणारी उंच घसरगुंडी असते, तिचं ते नाव. गाण्यात वर चढायचं आणि खाली घसरायचं आहे. मॅन्सनने तो उघड अर्थ कधी विचारलाच नाही. त्याच्यापुरतं गाणं म्हणजे त्याच्या डोक्यात आधीच शिजत असलेल्या द्वेषावर लावलेला शिक्का होता. खटल्यात सरकारी वकील व्हिन्सेंट ब्युग्लिओसी यांनी हीच समजूत हेतू म्हणून मांडली आणि शिक्षा झाली ती खून करणाऱ्यांना आणि करवणाऱ्याला. गाण्याला आरोपी केलं गेलं नाही, हे त्या न्यायालयाने बरोबर केलं.

आता उलट बाजू. खरोखर दडवलेले अर्थ असतात, आणि ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. १९६६ मध्ये बर्ड्सचं ‘एट माइल्स हाय’ अमली पदार्थांचं म्हणून रेडिओवर अडवलं गेलं, तेव्हा बँडने ते लंडनच्या विमानप्रवासाचं गाणं आहे असं सांगितलं. ते खरं होतं, पण नशेचाही संदर्भ होता हे बँडमधल्यांनी पुढे मान्य केलं. संशय घेणारे तिथे अर्धे बरोबर होते. म्हणून काय? ते गाणं अडवून कोणाची नशा सुटली असं दिसलेलं नाही.

दडवण्याची गरज सत्तेमुळे पडते तेव्हा तर प्रकार आणखी वेगळा होतो. चेकोस्लोव्हाकियात प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स नावाचा बँड होता. त्यांची गाणी राजकीय नव्हती. एगॉन बाँडी या कवीच्या शरीराबद्दलच्या, कंटाळ्याबद्दलच्या, रोखठोक कविता ते विचित्र चालींवर गात. सरकारला त्यात उपद्रव दिसला. १९७६ च्या सप्टेंबरमध्ये बँडचा कलादिग्दर्शक इव्हान यिरौस आणि इतर तिघांवर खटला चालून आठ महिन्यांपासून दीड वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या. तो खटला बघायला नाटककार व्हाक्लाव हॅवेल गेले होते. ज्यांना राजकारणात रस नाही अशा पोरांना तुरुंगात टाकणारं राज्य कोणालाही टाकू शकतं, हे त्या दालनात बसलेल्यांच्या लक्षात आलं, आणि १९७७ च्या जानेवारीत ‘चार्टर ७७’ हा मानवी हक्कांचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. गाण्यात नसलेलं राजकारण शोधता शोधता सत्तेने स्वतःविरुद्धचं खरं राजकारण उभं केलं. सोव्हिएत युक्रेनच्या निकोलायेव भागात १९८५ मध्ये युवक संघटनेने परदेशी गायकांची एक यादी काढली होती. त्यात कोणावर कोणता दोष आहे ते रकान्यात लिहिलं होतं, आणि हूलिओ इग्लेसियासपुढे ‘नवफॅसिझम’ असं होतं. प्रेमगीतं गाणारा माणूस तो.

त्याच सोव्हिएत काळात विक्टर त्सोयने ‘पेरेमेन’ हे बदलाची आस सांगणारं गाणं गायलं. ते राजकीय सुधारणांवर नाही असं त्याने सांगून ठेवलं होतं. लोकांनी ऐकलं नाही. १९९० मध्ये तो अपघातात गेला. तीस वर्षांनी, २०२० च्या ऑगस्टमध्ये, बेलारूसची राजधानी मिन्स्कमध्ये एका सरकारी कार्यक्रमात दोन ध्वनितंत्रज्ञांनी ते गाणं लावलं आणि दोघांना दहा दिवसांची कोठडी मिळाली. इथे मला लोकांची बाजू घ्यावीशी वाटते. त्यांनी अर्थ घातला तो स्वतःची मान पुढे करून, आणि गाण्याच्या उघड अर्थाला धरून. गाणं बदल मागतच होतं. त्यांनी दुसऱ्या कोणाला त्या अर्थासाठी पिंजऱ्यात उभं केलं नाही.

अर्थ सांगायचाच नाही, असं ठरवण्याचा हक्कही गाणाऱ्याला असतो. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढलेल्या, तिथेच हेक्टिक्स या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवणाऱ्या फारुख बलसाराने, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीने, १९७५ मध्ये ‘बोहेमियन रॅप्सडी’ लिहिलं. ती त्याच्या लैंगिकतेची कबुली आहे, ती अपराधाची गोष्ट आहे, तो आईचा घेतलेला निरोप आहे, अशी कितीतरी वाचनं झाली. त्याने शेवटपर्यंत कोणत्याच वाचनावर शिक्का मारला नाही. मला त्यातलं पहिलं वाचन पटतं. पण ते मला पटतं, एवढंच मी म्हणू शकतो. त्यावरून जिवंत मर्क्युरीला जाब विचारायचा अधिकार मला १९७५ मध्येही मिळाला नसता. समोर आहे तो आईला हाक मारणारा, कोणाला तरी मारून बसलेला, भेदरलेला मुलगा. त्याच्याबरोबर सहा मिनिटं राहणं हे श्रोत्याचं पहिलं काम.

हा विषय जुना झाला असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या न्यायालयांकडे बघा. आज तिथे रॅप गाण्यांच्या ओळी आरोपीविरुद्ध कबुलीजबाबासारख्या वाचल्या जातात. अटलांटातल्या यंग थग या रॅपरच्या खटल्यात २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी गाण्यांतल्या ओळी सशर्त पुरावा म्हणून येऊ दिल्या. रॅपर ‘मी’ म्हणतो तो मीच, असं गृहीत धरलं जातं. गुन्ह्याची गाणी लिहिणाऱ्या लोकगायकांना हा नियम कधी लागला नाही. कॅरी फ्राइड या संशोधिकेने नव्वदच्या दशकात हे तपासलं. पोलिसावर गोळी झाडणाऱ्याच्या एका जुन्या लोकगीताचे शब्द तिने लोकांना वाचायला दिले. काहींना सांगितलं की हे रॅप आहे, काहींना सांगितलं की हे कंट्री आहे. ओळी त्याच, पण रॅप म्हणून वाचणाऱ्यांना त्या जास्त धोकादायक वाटल्या. पुढे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी असाच प्रयोग करून तोच कल पाहिला. दडलेला अर्थ शब्दांत नव्हता, गाणाऱ्याच्या रंगाबद्दलच्या समजुतीत होता. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून अशा पुराव्यावर लगाम घातला, तो योग्यच झाला.

आणि हे आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले खासदार इम्रान प्रतापगढी यांनी एका सामूहिक विवाहसोहळ्याची चित्रफीत प्रसारित केली, तिच्या पार्श्वभूमीला एक उर्दू कविता होती. २०२५ च्या जानेवारीत जामनगरला त्यावरून गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. २८ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी ती कविता वाचली, ओळीओळीने वाचली, आणि गुन्हा रद्द केला. अन्यायाला प्रेमाने सामोरं जाऊ, असं ती कविता सांगते. पहिल्या ओळीतला ‘खून’, म्हणजे रक्त, हा शब्द तेवढा पोलिसांना दिसला असावा. शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर, विवेकी माणसाच्या मापाने, दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या मापाने नव्हे, हे तत्त्वही त्या निकालात पुन्हा सांगितलं गेलं. ते आलं आहे आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयातून. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ते घालून दिलं होतं.

हे माप गाण्यांना, सगळ्याच गाण्यांना, लागू व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. शाहिराच्या पोवाड्याला, कॉलेजच्या मेटल बँडला, झोपडपट्टीतल्या रॅपरला. त्यासाठी काही फार मोठं मागायचं नाही. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत नोंद करण्याआधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पोलिसांना दिली आहे, आणि बोलल्या-लिहिलेल्या शब्दांबाबत ती सहसा वापरावी असं सर्वोच्च न्यायालयाने याच निकालात सांगितलं आहे. त्या चौदा दिवसांत चौकशी अधिकाऱ्याने अख्खं गाणं, पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत, उतरवून काढावं. गाण्यातला ‘मी’ कोण आहे ते लिहावं. ज्याने लिहिलं आणि ज्याने गायलं त्यांना बोलावून विचारावं आणि त्यांचं उत्तर त्याच कागदावर नोंदवावं. गाण्याबाहेरचा पुरावा काय आहे तो वेगळ्या परिच्छेदात मांडावा. तो परिच्छेद कोरा राहिला तर फाइल तिथेच बंद करावी.